मागच्या बॅटरीचं रीडिंग

४ जानेवारी, सकाळी ७.१५

वही नवीन. पेन नवीन. कॅम्परही नवीन, म्हणजे तिसऱ्या मालकाकडून घेतलेला, पण मला नवीन. आजपासून रोज रीडिंग लिहायचं. तेहतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात लोकांचे मीटर वाचले, आता निवृत्त झाल्यावर स्वतःचं काहीतरी वाचावं.

कॅम्पर म्हणजे गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढत न्यायची खोली. आत दोघांपुरता पलंग, ओटा, सिंक आणि मुख्य म्हणजे फ्रिज. फ्रिज चालतो कॅम्परच्या बॅटरीवर. ती बॅटरी चार्ज करायची गाडीने, चालता चालता. एवढंच आहे सगळं. लोक उगाच बाऊ करतात.

बॅटरी १२.७ व्होल्ट. उत्तम.

४ जानेवारी, दुपारी

फ्रिज कशाला, याची नोंद असावी. हिला काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब घालावे लागतात. ते थंड ठेवावे लागतात, म्हणून आमचं कुठे जाणं व्हायचं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, थेंबांना पाच. आधीच्या सव्वीस वर्षांत का गेलो नाही, याची कारणंही सबळ आहेत. सवडीने लिहीन.

ही सध्या थोरल्या बहिणीकडे आहे. ऑक्टोबरपासून. जाण्याआधी टेबलाशी बसून अर्धा तास बोलली. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, पूर्ण ऐकून घेतलं. मुख्य मुद्दा, हवापालट. दोन मोठ्या बॅगा आणि शिवणयंत्र घेऊन गेली. शिवणयंत्र कशाला, ते विचारायचं राहून गेलं.

७ जानेवारी

गाडीच्या बॅटरीपासून कॅम्परच्या बॅटरीपर्यंत वायर टाकली. सात मीटर. स्वतःच्या हाताने. गाडीखाली उताणा पडून काम करताना वयाची आठवण येते, पण ते जमिनीमुळे.

वायर घ्यायला बॅटरीवाल्याच्या दुकानात गेलो होतो. नाक्यावर गाड्यांच्या बॅटऱ्या आणि वायरिंग करतो. कशासाठी हवीय म्हणाला. सांगितलं. काका, ही बल्बची वायर आहे, म्हणाला, फ्रिजला आणि बॅटरीला नाही पुरायची, इतक्या लांब तर नाहीच. मी हसलो. मनातल्या मनात. दुकानदार नेहमी जाड वस्तूच दाखवतो.

९ जानेवारी, दुपारी १२.३०

पहिली चाचणी! कॅम्पर जोडून चाळीस मिनिटं गावाबाहेरून चक्कर मारली. फ्रिज चालू. घरी येऊन गाडी सुरू ठेवली, बॉनेट उघडलं आणि रीडिंग घेतलं. १४.२. चार्जिंग चालू असल्याचा पक्का पुरावा.

लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आईशी बोललात का? म्हटलं, आधी १४.२ म्हणजे काय ते समजून घे. समजावून सांगितलं. दुसरा फोन येतोय म्हणाली.

१० जानेवारी

हिला फोन केला. मार्चच्या एक तारखेला कॅम्पर घेऊन येतो, मग तिथूनच पुढे निघू, जिथे म्हणशील तिथे, असं सांगितलं. थेंबांची सोय केली आहे हे मुद्दाम सांगितलं नाही. तोंडावर सांगायची गोष्ट आहे ती.

ती मग म्हणाली, यायचं तर या, पण माझ्यासाठी म्हणून येऊ नका.

म्हणजे या म्हणाली.

११ जानेवारी

१२.६.

२३ जानेवारी

मधल्या दिवसांची रीडिंग नाहीत. कारण, सर्दी. शिवाय बॅटरीला रोज रोज टोचत बसू नये, तिलाही विसावा हवा. आता एक दिवसाआड लिहायचं. हा नियम जास्त शास्त्रीय आहे.

२४ जानेवारी, दुपारी ३

मोठी चाचणी. तीन तासांचा प्रवास, न थांबता. फ्रिजमध्ये थेंबांऐवजी लोण्याचं पाकीट ठेवलं. दोन तास वीस मिनिटांनी मागून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. टायर असेल समजून तशीच चालवली. घरी पोचून दार उघडलं, तर शिट्टी फ्रिजची, लाल दिवा लागलेला, आणि लोणी ओट्यावरून खाली उतरायच्या बेतात.

लगेच बॉनेट उघडून रीडिंग घेतलं. १४.२! म्हणजे चार्जिंगमध्ये तसूभरही दोष नाही. दोष फ्रिजचा. किंवा लोण्याचा. लोणी स्वस्तातलं होतं.

२५ जानेवारी

फ्रिज तपासायला बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. मला गाडी सुरू करायला सांगितली आणि आपला मीटर घेऊन थेट मागे, कॅम्परच्या बॅटरीपाशी जाऊन बसला. १२.१.

मी म्हटलं, पुढे १४.२ आहे. तो म्हणाला, काका, पुढे असेल, पण फ्रिज मागे आहे ना. बारीक वायर, सात मीटर लांब, वाटेतच जीव जातो विजेचा. मागे पोचतं ते बॅटरीला भरायला पुरत नाही. बॅटरी आपल्याजवळचंच देत राहते आणि संपते. वर हेही म्हणाला की तुमची गाडी नवीन पद्धतीची आहे, स्वतःची बॅटरी भरली की हात आखडता घेते. मागे जाड वायर टाका आणि बॅटरीपाशीच वेगळा चार्जर बसवा, तो येईल तेवढ्यातून वाढवून देतो. मग समजुतीखातर म्हणाला, तुम्ही पाणी खात्यातले ना, चौथ्या मजल्यावरच्या नळासारखं समजा.

हे मला सांगतो! मी तेहतीस वर्षं दाबाच्या तक्रारी हाताळल्या. नियम साधा असतो. रीडिंग इमारतीच्या फाटकाशी, मुख्य व्हॉल्व्हपाशी घ्यायचं. तिथे दाब बरोबर असला की 'दाब योग्य आढळला' असा शेरा मारून फाइल बंद. वर काय येतं ते पाहायला मजले चढणं हे खात्याचं काम नाही. चौथ्या मजल्यावरची एक म्हातारी बाई रिकामी बादली घेऊन सात वर्षं ऑफिसात यायची. प्रत्येक वेळी मी स्वतः जाऊन फाटकाशी मोजलं. प्रत्येक वेळी दाब योग्य आढळला.

नंतर ती यायची बंद झाली. म्हणजे प्रश्न सुटला असणार.

२ फेब्रुवारी

बॅटरीवाल्याचा मान राखून एक दुरुस्ती केली. पहिल्या वायरीशेजारी तशीच दुसरी वायर टाकली. पहिली लाल होती, ही निळी.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

आजचा प्रसंग त्रयस्थपणे लिहितो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कॅम्परसकट गाडी उभी केली. आत दीड तास गेला, कारण कॅम्परसाठी कप घ्यायचे होते. हिला पातळ कडेचे कप आवडतात की जाड कडेचे, हे आठवेना. एकतीस वर्षं रोज सकाळी समोर बसून चहा प्यायलो. शेवटी दोन्ही प्रकारचे घेतले.

बाहेर येऊन किल्ली फिरवली तर गाडी मुकी. फ्रिजने आधी मागची बॅटरी संपवली आणि मग माझ्याच दोन वायरींमधून पुढची. एका बाईने आपली गाडी शेजारी लावून, जाड केबल जोडून माझी सुरू करून दिली. जाताना म्हणाली, मध्ये कटआउट बसवून घ्या, गाडी बंद झाली की वायर तोडणारा, नाहीतर मागचं पुढचंही घेऊन बुडतं. लोकांना सल्ला द्यायची फार हौस.

लेकीला यातलं काही सांगितलं नाही. ती आपणहून म्हणाली, बाबा, आईने ऑक्टोबरमध्ये काय सांगितलं ते तुम्हाला नीट कळलंय ना? म्हटलं, कळलंय, म्हणून तर एवढा खटाटोप. ती मग म्हणाली, जेवत जा वेळेवर.

११ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात गेलो. घरच्या फ्रिजच्या दारात हिच्या थेंबांचा एक जुना खोका होता, तो दाखवला. तीन बाटल्या द्या म्हटलं, लांबचा प्रवास आहे. दुकानदार म्हणाला, हे जुनं आहे, अजून हेच चालू आहे का? मी म्हटलं, बायको माझी आहे. त्याने निमूटपणे दिल्या.

कॅम्परला पडदे केले. शिवता येत नाही म्हणून स्टेपल केले. लांबून कळत नाही.

२० फेब्रुवारी

मोठ्या मनाने बॅटरीवाल्याकडे गेलो आणि चार्जर बसव म्हटलं. मागवावा लागेल, दहा-बारा दिवस लागतील, म्हणाला. म्हटलं, मला एक तारखेला निघायचंय. आठवड्याने जा की काका, काय बिघडतं, म्हणाला.

बिघडतं. एकतीस वर्षं मी हिला पुढच्या आठवड्यात, पुढच्या सुट्टीत, पुढच्या वर्षी असं सांगत आलो. या वेळी दिलेली तारीख पाळणार. चार्जर असो वा नसो.

निश्चय: १) वाटेत फ्रिजचं दार उघडायचं नाही. २) गाडी बंद करायची नाही. ३) दिवे, पंखा, रेडिओ बंद, म्हणजे वाचलेली सगळी वीज मागे जाईल.

१ मार्च, सकाळी ६.४०

निघालो. तीनशे ऐंशी किलोमीटर. मागे १२.७, पुढे १४.२. दोन्हीकडे मोजलं. कुणी म्हटलं म्हणून नाही, सहज.

सकाळी ९.१०

चहाला थांबलो. इंजिन चालू ठेवूनच प्यायलो. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, गाडी चालू राहिलीय तुमची. म्हटलं, ठाऊक आहे.

सकाळी ११.४०

शिट्टी.

दुपारी १२.०५

पेट्रोल पंपावर बर्फाच्या दोन पिशव्या घेतल्या. निश्चय क्रमांक एक नाइलाजाने मोडला. थेंबांचा खोका बर्फात पुरला. मागची बॅटरी ११.३. थोडा वेळ पायरीवर बसलो, मग निघालो.

दुपारी २.५०

बर्फाचं पाणी झालं. खोका भिजून लगदा. बाटल्या तीन, तिन्ही कोमट. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवल्या होत्या, पण तिथे त्या जास्तच गरम होतात हे लक्षात आल्यावर काढल्या. अजून चाळीस किलोमीटर. ही काही म्हणणार नाही. समजूतदार आहे. चार महिने हवापालट झाल्यावर माणसाचा राग निवळलेला असतो.

राग नव्हताच म्हणा.

१ मार्च, संध्याकाळी ६.३०

जसं घडलं तसं लिहितो.

पोचलो तेव्हा ही फाटकापाशी उभी होती. केस कापले आहेत, मानेपर्यंत. चांगली दिसते. मेहुणीबाई दारातूनच या म्हणाल्या आणि आत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

ही चहाचे दोन कप घेऊन कॅम्परमध्ये आली. (जाड कडेचे.) ओट्यावरून हात फिरवला. खण उघडून पाहिले. पडद्याची स्टेपल पाहून हसली, अगदी पहिल्यासारखी. पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, छान केलंय हो, खरंच छान केलंय. माझा ऊर भरून आला. मग मी तिला फ्रिज दाखवला. आता तुझ्या थेंबांची काळजी नाही, म्हटलं. आजच्यापुरता जरा घोटाळा झालाय, पण चार्जर मागवलाय, दहा दिवसांत मागे पूर्ण दाब येईल. आणि बाटल्या तिच्या हातात दिल्या.

तिने एकीवरचं नाव वाचलं. मग म्हणाली, अहो, हे थेंब डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी बंद केले. पर्समधून दुसरीच बाटली काढून दाखवली. ही पर्समध्येच असते. हिला फ्रिज लागत नाही.

मी म्हटलं, मग मला सांगितलं नाहीस. ती म्हणाली, दवाखान्यातून येताना गाडीत सांगितलं, तुम्ही पुढच्या ट्रकवाल्याला शिव्या देत होता. रात्री जेवताना सांगितलं. मग तुम्हीच एकदा फ्रिजच्या दारातला खोका पाहून हा का ठेवलाय विचारलंत, तेव्हा सांगितलं. तेव्हा हं म्हणालात, म्हणून मला वाटलं पोचलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावर मला उत्तरं येतात.

मग मी विचारलं, येतेस ना?

नाही म्हणाली. ते तर ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं, म्हणाली. मी म्हटलं, तू हवापालट म्हणाली होतीस. ती म्हणाली, हवापालट हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही. मग काय म्हणाली होतीस, विचारलं. तेव्हा अर्ध्या तासाचं तिने थोडक्यात परत सांगितलं. या वेळी शब्द न शब्द लिहून ठेवतो:

मी तुमच्याशी बोलून बोलून दमले. इथे मी काही बोलले की कुणीतरी त्यावर काहीतरी म्हणतं, तेवढ्यानेसुद्धा मला बरं वाटतं. आता मला परत यायचं नाही.

मी काही म्हटलं नाही. काहीतरी म्हणायला हवं होतं, हे आत्ता लिहिताना कळतंय.

तिने कप उचलले. दाराशी जाऊन वळली, बॅटरी संपलीय ना, म्हणाली. हो म्हटलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेंशनची वायर बाहेर आली. तिने स्वतः कॅम्परपर्यंत ओढत आणली, माझ्या हातात दिली, आणि सकाळपर्यंत राहू दे म्हणाली, भरेल पूर्ण.

२ मार्च, सकाळी ८.२०

दोघांच्या पलंगावर एकटा झोपलो. म्हणजे पडलो. बॅटरी १२.८. आजवरचं सर्वांत चांगलं रीडिंग.

ही सकाळी कामावर जायला निघाली. शेजारच्या गल्लीत बालवाडी आहे, तिथे रोज तीन तास लहान मुलांना शिकवते. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र आहे. त्यावर एक एवढासा झगा अर्धा शिवलेला होता, मुलांच्या नाटकाचा. हे सगळं ती मला फोनवर सांगत असणार. मी त्या वेळी व्होल्ट सांगत असणार.

सावकाश जा म्हणाली. फाटकापर्यंत आली, हात केला आणि उलट्या दिशेने चालायला लागली. आरशात ती वळणापर्यंत दिसत होती. भराभर चालते आता. माझ्याबरोबर नेहमी मागे पडायची.

मेहुणीबाईंनी सँडविचेस बांधून दिली. एकशे दहाव्या किलोमीटरला खाल्ली.

९ मार्च

चार्जर आला. बॅटरीवाल्याने जाड वायर टाकली, मध्ये कटआउट बसवला, चार्जर मागच्या बॅटरीला लागून. मग तो पुढे बसून ॲक्सिलरेटर दाबत राहिला आणि मी मीटर घेऊन मागे बसलो. १४.१. मागे. फ्रिज चालू असताना.

तो पुढून ओरडून विचारत होता, काका, आलं का? डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे, असं लिहिणार होतो. धूर नव्हता.

ती बादलीवाली बाई कुठे गेली असेल, असंही मनात आलं. वर चढायला चार जिने होते फक्त.

१० मार्च

हिला फोन करून १४.१ सांगावं असं सकाळपासून तीन वेळा वाटलं. केला नाही. चौथ्या वेळी केला आणि बालवाडीतल्या नाटकाचं विचारलं. ती वीस मिनिटं बोलली. एक मुलगा झाड झाला होता आणि मध्येच रडायला लागला. मी विचारलं, मग काय केलंस? तिने सांगितलं. फोन ठेवताना म्हणाली, बरं वाटलं.

परत येणार का, हे मी विचारलं नाही. ती येणार नाही.

२२ मार्च, दुपारी ४

कॅम्पर बघायला एक जोडपं आलं. जाहिरात लेकीने दिली होती. दोघंही पन्नाशीतले. नवरा बाहेर टायर बघत फिरत होता, बायको आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. नवऱ्याने विचारलं, चालत्या गाडीत मागची बॅटरी चार्ज होते का? म्हटलं, होते, १४.१, मागे मोजलंय. मीटर आणून दाखवलंही. तो खूश झाला, पुढे किती येतं म्हणाला. म्हटलं, पुढचं सोडा.

बायको आतून म्हणाली, पडदे तेवढे नवीन शिवावे लागतील. मग बाहेर येऊन मला म्हणाली, एवढं सगळं छान करून विकताय का? तुमच्या मिसेसना आवडला नाही वाटतं.

आवडला, म्हटलं. खरंच आवडला होता तिला. कॅम्परबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती.